सांधा बदलणारी खेळण्यातली गाडी



आपल्या ग्वाल्हेरच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची छोटी रेलगाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती राजाच्या पंगतीसाठी होती. विजेची अशी गाडी साध्या घरातल्या मुलांपर्यंत पोहोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या जोशुआ लायोनेल कोवेन यांची ओळख या अंकात करून देत आहे.

कोवेन यांचा जन्म 25 ऑगस्ट 1877 रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क येथे झाला. आईवडील युरोपातून येऊन तिथे स्थायिक झालेले ज्यू होते. भावंडे बरीच होती. जोशुआचे मन पुस्तकापेक्षा हत्यारांत अधिक रमे. महाविद्यालयीन शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले, परंतु शिकणे सोडले नाही. फोटो काढताना प्रकाशासाठी लागणारी भुकटी पेटवण्याचे एक साधन त्यांनी तयार केले. त्यावरून अमेरिकी नौदलाचे काम मिळाले आणि हाती थोडे भांडवल आले.

सन 1900 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी कंपनी काढली आणि तिला आपलेच मधले नाव, लायोनेल, दिले. 1901 मध्ये त्यांनी विजेवर फिरणारा एक लाकडी डबा बनवला. त्याला इंजिनसुद्धा नव्हते. दुकानाच्या काचेआड तो गोल गोल फिरावा आणि लोकांनी थांबून इतर माल पाहावा, एवढाच हेतू होता. पण गिऱ्हाईक माल सोडून तो डबाच विकत मागू लागले! कोवेन यांनी ही मागणी मनावर घेतली आणि जाहिरातीची वस्तू खेळणे झाली. 1906 मध्ये त्यांनी तीन रुळांचा मार्ग आणला. मधल्या रुळातून वीज येई आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत जाई.

परंतु गाडी नुसती गोल फिरत राहिली, तर मूल थोड्याच वेळात कंटाळते. खरी गंमत सांध्याशी असते. रूळ जिथे दुभंगतात ती जागा म्हणजे सांधा. आपल्याकडे हिंदीत त्याला काँटा म्हणतात. लायोनेलच्या दुरून चालणाऱ्या सांध्यात रुळाशेजारी एक लहानशी पेटी असे. तिच्यात तारेची दोन वेटोळी आणि त्यांत सरकणारा लोखंडी दांडा. एका वेटोळ्यातून वीज गेली की दांडा तिकडे ओढला जाई आणि मार्ग सरळ लागे. दुसऱ्यातून गेली की वळणाचा मार्ग लागे. मुख्य तारा तीनच. दोन वेटोळ्यांना एकेक आणि तिसरी दोघांना सामाईक. अशा वेटोळ्याला वीज क्षणभरच द्यायची असते. खटका दाबून ठेवला तर ते तापून जळू शकते.

आता एक अडचण पाहा. गाडी वळणाच्या रुळावरून सांध्याकडे येत आहे आणि सांधा सरळ मार्गाला लागलेला आहे. गाडी घसरणारच! कारखान्यातील मंडळींनी यावर फार सुंदर उपाय केला. प्रत्येक फाट्याच्या बाहेरच्या एका रुळाचा छोटा तुकडा त्यांनी बाकी रुळापासून वेगळा केला आणि तारेने त्या त्या वेटोळ्याला जोडला. गाडीची धातूची चाके त्या तुकड्यावर आली की चाकांतून आणि कण्यातून विजेचा मार्ग पुरा होई. येणाऱ्या गाडीसाठी सांधा आपोआप सरके. कोणाला खटका दाबावा लागत नसे.

जागतिक मंदीत, 1934 साली, कंपनी बुडण्याच्या बेतात होती. तेव्हा मिकी माउसची स्वस्त हातगाडी रुळांवर आली, ती खूप खपली आणि कंपनीला आधार मिळाला. दुसऱ्या महायुद्धात खेळणी बंद झाली आणि कारखान्यात नौदलासाठी होकायंत्रे तयार होऊ लागली. युद्धानंतरची काही वर्षे कंपनीच्या भरभराटीची होती.

पुढे मात्र काळ बदलला. मुलांचे लक्ष मोटारी आणि रॉकेटकडे गेले. 1957 मध्ये कंपनीने मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाची गाडी काढली. ती चालली नाही. खरे इंजिन काही गुलाबी नसते, आणि मुलींनाही खऱ्यासारखीच गाडी हवी होती. 1901 मध्ये ज्यांनी गिऱ्हाइकाचे म्हणणे ऐकले, त्यांच्याच कंपनीला आता मुलांचे मन ओळखता आले नाही. 1959 मध्ये कोवेन यांनी आपले भाग नात्यातल्या रॉय कोहन यांच्या गटाला विकले. 8 सप्टेंबर 1965 रोजी त्यांचे निधन झाले. लायोनेल नावाच्या गाड्या मात्र आजही तयार होतात.

समोरून काय येत आहे याची चाहूल घेऊन वेळेवर सांधा बदलावा, हे त्यांच्या यंत्राला साधले. माणसांना ते दर वेळी साधतेच असे नाही. पालकांना आणि आम्हा शिक्षकांनाही हे लागू आहे. मूल कोणत्या रुळावरून येत आहे हे पाहण्याआधीच आपण त्याचा मार्ग ठरवून टाकतो.

म्हणून पालकांना विनंती, घरात मूल तारा आणि जुनी मोटर घेऊन बसले, तर लगेच रागावू नये. मुलांनो, तुम्हीही एक नियम पाळा. प्रयोग टॉर्चच्या सेलवरच करायचा, भिंतीवरच्या प्लगला हात लावायचा नाही. यंदा विज्ञान प्रदर्शनात कोणी सांधा तयार करून आणला, तर तो पाहायला मी सर्वांत आधी येईन.