ऑगस्टा सॅव्हेज : वस्तीतल्या कलाशिक्षकाला पगार मिळवून देणारी शिल्पकार

विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. याच हार्लेममध्ये पुढे ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार महिलेने वस्तीतल्या मुलांतून कलावंत घडविले आणि शिकविणाऱ्या कलावंतांना सरकारी पगार मिळावा म्हणून लढा दिला. त्यांचे चरित्र आपल्या चळवळीने वाचले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९२ रोजी फ्लोरिडा राज्यातील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या गावी झाला. लहानपणापासून त्या गावातल्या मातीच्या मूर्ती करीत. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. त्यांना मूर्ती घडविणे पाप वाटे, म्हणून ते मुलीला मारीत. तरी तिचे हात थांबले नाहीत. पुढे वेस्ट पाम बीच येथील मुख्याध्यापकांनी ती शाळेत शिकत असतानाच तिला मातीकाम शिकवायला ठेवले आणि रोज एक डॉलर दिला. शिकविणे हेही श्रम आहेत आणि श्रमाला दाम असतो, हे त्या शाळेतच शिकल्या.

१९२१ साली त्या न्यूयॉर्कला आल्या. कूपर युनियन या फी न घेणाऱ्या संस्थेतला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत पुरा केला. १९२३ साली फ्रान्समधील फोंतेनब्लो येथील उन्हाळी कलाशाळेसाठी गोऱ्यांच्या निवड समितीने त्यांना केवळ वर्णामुळे नाकारले. सॅव्हेज गप्प बसल्या नाहीत. त्यांनी वर्तमानपत्रांतून समितीला जाहीर जाब विचारला. निर्णय बदलला नाही, पण गुणवत्तेच्या नावाखाली चाललेला वर्णभेद उघडा पडला. १९२९ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या पॅरिसला गेल्याच.

परतल्यावर १९३२ साली त्यांनी हार्लेममध्ये कलाशाळा काढली आणि वस्तीतल्या मुलांना शिकविले. १९३५ साली महामंदीत बेकार झालेल्या कलावंतांसाठी अमेरिकी सरकारने फेडरल आर्ट प्रोजेक्ट ही योजना आणली. तीत कृष्णवर्णीयांना वाटा मिळावा म्हणून सॅव्हेज कलावंतांची संघटना बांधून भांडल्या. १९३७ साली या योजनेतून हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर उभे राहिले आणि त्या संचालक झाल्या. तेथे शिकविणारे कलावंत पगारावर होते. जेकब लॉरेन्स या शिष्याला वय कमी म्हणून योजनेने परत पाठविले. त्याला एकवीस वर्षे पूर्ण होताच सॅव्हेज यांनी त्याला पुन्हा नेऊन कामावर लावले. तोच पुढे नामवंत चित्रकार आणि विद्यापीठात प्राध्यापक झाला.

१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी सोळा फूट उंचीचे वीणेच्या आकाराचे शिल्प केले. ते ब्राँझमध्ये ओतायला पैसा नव्हता, म्हणून प्रदर्शन संपल्यावर ते तोडण्यात आले. १९४३ साली सरकारी योजनाही बंद पडली. मार्च १९६२ मध्ये सॅव्हेज यांचे निधन झाले. त्यांची शिल्पे थोडीच उरली, शिष्य मात्र उरले.

आता आपल्याकडे पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तरच कलाशिक्षणासाठी निदेशक आहे, आणि तोही अंशकालीन. म्हणजे लहान शाळेतल्या मुलाला कायद्याने कलेचा स्वतंत्र शिक्षक मिळतच नाही. आणि वस्तीत मुलांना भीमगीते, ढोलकी, चित्रकला शिकविणाऱ्या आपल्या कलावंताला आपण काय देतो? शाल, श्रीफळ आणि टाळ्या! त्याच्या हातात कला आहे, पण शिकविण्याचे प्रशिक्षण नाही. ज्याने ए.टी.डी. केले, त्याला नोकरी नाही.

शासनाकडे पूर्णवेळ कलाशिक्षकाची मागणी केलीच पाहिजे. पण जयंतीच्या मिरवणुकीवर लाखो रुपये उडविणाऱ्या आपल्या मंडळांनीही त्यातला काही हिस्सा बाजूला काढावा, वस्तीतल्या एका कलावंताला प्रशिक्षणाला पाठवावे आणि विहारात वर्ग घेण्यासाठी त्याला दरमहा मानधन द्यावे. सॅव्हेज यांनी सुरुवात स्वतःच्या एका कलाशाळेतून केली होती. आपल्याकडे तर गावोगावी विहारे उभी आहेत.