हेर्मान फ्यॉटिंगर
हेर्मान फ्यॉटिंगर (९ फेब्रुवारी, १८७७:न्युर्नबर्ग, जर्मनी - २८ एप्रिल, १९४५:बर्लिन, जर्मनी) हे जर्मन अभियंते, संशोधक आणि प्राध्यापक होते. टॉर्क कन्व्हर्टर व द्रव-युग्मक या साधनांचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

म्युनिकच्या तंत्रविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते १८९९ मध्ये श्टेटिन येथील व्हुल्कान या जहाजबांधणी कंपनीत रुजू झाले. १९०९ मध्ये डांझिग येथे आणि १९२४ मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यालयात त्यांची प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बर्लिनच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा मृत्यू झाला.

संशोधन

वाफेचे टर्बाइन वेगाने फिरताना, तर जहाजाचा पंखा संथ फिरताना कार्यक्षम असतो. एवढी शक्ती पेलणारी दंतचक्रे त्या काळी उपलब्ध नव्हती. पंपाने ढकललेल्या द्रवावर टर्बाइन फिरवण्याचा मार्ग होता. परंतु मधल्या नळ्यांमध्ये बरीच ऊर्जा वाया जाई. फ्यॉटिंगर यांनी नळ्या वगळून पंपाचे चक्र, टर्बाइनचे चक्र आणि प्रवाहाला दिशा देणारी स्थिर पाती एकाच कवचात बसवली. स्थिर पात्यांमुळे वेग घटताना टॉर्क वाढवता येतो. या रचनेचे पेटंट त्यांनी १९०५ मध्ये नोंदवले. पुढे जहाजांवर दंतचक्रांनी तिची जागा घेतली. मात्र मोटारगाड्यांच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये हेच तत्त्व रूढ झाले. १९४८ मध्ये ब्यूइकच्या डायनाफ्लो गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर वापरला गेला.

महत्त्व

इंजिन आणि भार यांचे वेग जुळवण्याचा हा प्रश्न मोटारगाड्यांतही कायम आहे. कॅमशाफ्ट इंजिनाच्या झडपा किती उघडाव्यात व किती काळ उघड्या ठेवाव्यात हे ठरवतो. झडपा जास्त काळ उघड्या ठेवणाऱ्या कॅमशाफ्टमुळे शक्तीचा पट्टा वरच्या वेगाकडे सरकतो आणि खालच्या वेगात टॉर्क घटतो. टर्बाइनचे चक्र रोखलेले असताना इंजिन ज्या कमाल वेगापर्यंत पोहोचते, त्याला स्टॉल वेग म्हणतात. तो या पट्ट्याच्या आरंभाच्या फार खाली असल्यास गाडी सुरुवातीला मंद पडते. गरजेपेक्षा जास्त असल्यास घसरण वाढून तेल तापते. म्हणून कॅमशाफ्ट बदलताना त्याला अनुरूप कन्व्हर्टर निवडला जातो.