वालचंदांचा ध्यास

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांच्या उमेदीच्या काळात हिंदुस्थानच्या रस्त्यांवर परदेशी मोटारीच धावत असत. आपली मोटार आपल्याच देशात घडावी, असा ध्यास वालचंदांनी घेतला. १९३९ साली अमेरिकेत जाऊन त्यांनी तेथील कारखानदारांशी बोलणी केली; परंतु इंग्रज सरकारने या योजनेस साहाय्य नाकारले. तरीही ते खचले नाहीत. १९४४ साली त्यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापिली. १९४७ साली मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. आरंभी तिचे सुटे भाग परदेशांतून येत. पुढे एकेक भाग येथेच घडू लागला. १९५३ साली वालचंद निवर्तले, तेव्हा त्यांनी लाविलेले रोप चांगले रुजले होते.