दामोदर कोसंबींचा विषय

पडावात सध्या घरोघरी एकच चर्चा: फॉर्मवर चुरशीचा विषय लिहायचा, की ‘अजून ठरलं नाही’ म्हणायचं?

पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी संस्कृत शिकायला काशीला निघाले, ते आपल्या ग्वाल्हेरवरूनच. त्यांचा मुलगा दामोदर. जन्म गोव्यात, 1907 चा. तो हार्वर्डला शिकत असताना बर्कहॉफ या मोठ्या गणितज्ञांनी सल्ला दिला की गणितावरच लक्ष दे. पठ्ठ्याने ऐकलं नाही! नाना विषय घेतले आणि प्रत्येकात चमकला. 1929 साली सर्वोच्च सन्मानासह बी.ए. झाला. पीएच.डी. कधी केलीच नाही. आज अशा माणसाला मुलाखतीला तरी बोलावतील का, कोण जाणे.

गणित मात्र सुटलं नाही. बनारस, अलीगढ, मग पुण्याचं फर्ग्युसन, सगळीकडे कोसंबींनी शिकवलं गणितच. पुण्यात संख्याशास्त्राच्या नादाने ते जुनी नाणी तराजूत तोलू लागले. वजनं जुळली, पण ती पाडणारे राजे कोण? ते शोधायला संस्कृत ग्रंथांत शिरले. मध्येच 1944 साली जनुकांच्या नकाशासाठी एक सूत्रही दिलं. भारतीय इतिहासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक 1956 साली आलं, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते.