सुलतानाचे स्वप्न आणि रोकेया

विज्ञानकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अंतराळयान, यंत्रमानव आणि परग्रहावरचे विचित्र जीव उभे राहतात. नायक बहुधा पुरुष शास्त्रज्ञ. बाई असलीच तर त्याची वाट पाहत घरी बसलेली. त्यामुळे १९०५ साली पडद्यातल्या एका बाईने, जिथे शास्त्रज्ञ बायकाच आहेत असा देश कागदावर उभा केला होता, हे कळल्यावर मी थक्क झाले. ही बाई म्हणजे बंगालमधील रोकेया सखावत हुसेन. इंग्रजी कथा काही पानांचीच आहे. शब्दकोश जवळ घेऊन मी ती वाचली आणि मग तिच्या लेखिकेचाच शोध घेत बसले.

रोकेयाचा जन्म १८८० सालचा, आजच्या बांगलादेशातील रंगपूरजवळच्या पायराबंद गावी. वडील जमीनदार, अनेक भाषा जाणणारे. मुलांना त्यांनी कलकत्त्याला इंग्रजी शिकायला पाठविले. मुलींनी मात्र कुराण म्हणायला शिकावे, थोडे उर्दू-फारसी वाचावे, एवढेच. बंगाली ही घराबाहेर बोलली जाणारी भाषा, तीही मुलींना वर्ज्य! पाच वर्षांची असल्यापासून रोकेयाला परक्या बायकांसमोरही येण्याची बंदी होती. पाहुण्या आल्या की ती पोर पलंगाखाली नाहीतर कुठल्यातरी कोपऱ्यात लपून बसे.

थोरली बहीण करीमुन्निसा बंगाली पुस्तक वाचताना सापडली. तिचे शिक्षण थांबले आणि लवकरच लग्न झाले. तरीही धाकटीला बंगालीची गोडी लावली ती तिनेच. इंग्रजी शिकविले भावाने, इब्राहिम साबेरने. वडील झोपी गेले की मेणबत्ती लावून बहीणभाऊ अभ्यासाला बसत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण रात्री दिवा जळत ठेवल्याबद्दल मला विजेच्या बिलापलीकडे कुणी काही ऐकवलेले नाही. चोरून शिकणे म्हणजे काय, ते मला रोकेयाच्या चरित्रातच प्रथम कळले.

पुढे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ते बिजवर, वयाने बरेच मोठे आणि उर्दूभाषक. पण त्यांनी पत्नीला लिहिण्यास उत्तेजन दिले. ते दौऱ्यावर असताना, वेळ जावा म्हणून रोकेयांनी इंग्रजीत एक कथा लिहिली. परत आल्यावर सखावतसाहेबांनी ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असे ते म्हणाले, असे सांगतात. मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती ‘सुलतानाज ड्रीम’ या नावाने छापली गेली.

सुलतानाला खुर्चीत डुलकी लागते आणि भगिनी सारा तिला एका अनोळखी नगरात फिरायला नेते. रस्त्यावर एकही पुरुष नाही. पुरुष घरात, मर्दानखान्यात. स्वयंपाक आणि मुले त्यांच्याकडे. बाहेर बायकांचे राज्य. तिथे चुलीला धूर नाही, कारण सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजते. एका विद्यापीठातील स्त्रियांनी ढगांतून पाणी ओढून घेणारा फुगा बनविला आहे, दुसरीकडच्या स्त्रियांनी उन्हाची उष्णता साठविण्याचे यंत्र. पुरुष तेव्हा सैन्य वाढविण्यात गुंतलेले असतात आणि या खटाटोपाला हसतात. मग शत्रू चालून येतो, सैन्य हरते, आणि विद्यापीठाची प्रमुख दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन रणांगणावर जाते. साठविलेले ऊन शत्रूवर सोडताच शत्रू पळ काढतो. मात्र बायका बाहेर पडणार म्हणून पुरुषांना आधी घरात जावे लागले होते, ते तिथेच राहिले!

कार्यालयातील पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतो, एकाला अर्धा तास लागतो, म्हणजे सहा तास धुरातच गेले, हा साराचा हिशेब वाचून मी एकटीच हसत सुटले. पण एका वाक्याशी थांबले. त्या देशात एकवीस वर्षांच्या आत कोणा मुलीचे लग्न करता येत नाही. माझे वय एकोणीस. गेल्या लगीनसराईनंतर आमच्या वर्गातील दोन बाके रिकामी झाली आहेत आणि त्याबद्दल कुणी काही विचारलेही नाही.

या कथेत एकाच्या पायातली बेडी काढून दुसऱ्याच्या पायात घातली, हा कुठला न्याय, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. पुरुषाला कोंडलेले पाहून आपल्याला चमत्कारिक वाटते. बाईला कोंडलेले पाहून वाटत नव्हते. रोकेयांना दाखवायचे होते ते एवढेच. रूढी उलटी करून पाहिल्याशिवाय ती रूढी आहे हेच दिसत नाही. विज्ञानकथेला हे जमते, कारण तिथे देशच नवा असतो. आपल्याकडे ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’त हाच हिशेब सरळ भांडून मागितला होता, रोकेयांनी तो हसत मागितला.

रोकेयांच्या दोन्ही मुली तान्हेपणीच गेल्या. १९०९ साली पतीही निवर्तले. त्यांनी शाळेसाठी पैसे ठेवले होते. त्याच वर्षी रोकेयांनी भागलपुरात पाच मुलींची शाळा काढली. पण घरच्यांशी मालमत्तेवरून बिनसल्यामुळे त्यांना गाव सोडावे लागले आणि १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर ‘सखावत मेमोरियल’ पुन्हा सुरू झाली. १९१६ साली त्यांनी मुसलमान स्त्रियांची संघटनाही उभारली.

मला खरी रोकेया भेटते ती या शाळेच्या बसमध्ये. पडदा मोडू नये म्हणून बस चहूबाजूंनी बंद केलेली. आत काळोख, हवा नाही. मुली रडत, ओकत, बेशुद्ध पडत. म्हणून झडपा काढून पडदे लावले, तर वाऱ्याने पडदे उडतात, म्हणजे बेपर्दा होते, अशी निनावी धमकीची पत्रे आली. आकाशात उडणाऱ्या गाड्या कल्पिणाऱ्या बाईला एका बसचा पडदा सोडवता येईना! मुली याव्यात म्हणून त्या स्वतःही पडदा पाळीत. काही जण याला तडजोड म्हणतील. मी म्हणेन, मुली बसमध्ये बसल्या हे महत्त्वाचे.

ही बसची हकीकत त्यांच्या ‘अवरोधवासिनी’त आहे. त्या १९३१ च्या पुस्तकात पडद्यापायी घडलेल्या सत्तेचाळीस घटना आहेत, मुसलमान घरांतल्या तशाच हिंदू घरांतल्याही. बुरख्यासह रेल्वेरुळांवर पडलेली एक बाई, परपुरुषाने हात लावू नये म्हणून कुणालाच उचलू दिली गेली नाही आणि गाडी निघून गेली. हे वाचल्यावर ‘सुलतानाचे स्वप्न’ गमतीचे वाटेनासे होते.

९ डिसेंबर १९३२ रोजी, त्यांच्या जन्मतारखेलाच, पहाटे रोकेयांचे निधन झाले. आदल्या रात्री उशिरापर्यंत त्या लिहीत होत्या. टेबलावर अर्धा लेख सापडला. विषय होता स्त्रियांचे हक्क.