गायनाचार्य कै. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

देवापुढे गाणे ही आपल्याकडची जुनी सेवा आहे. कीर्तनकार आणि भजनी मंडळी यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालविली. परंतु रागदारीचे रीतसर शिक्षण मिळणे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सामान्य घरच्या मुलास फार दुर्घट होते. ही विद्या राजदरबारी आणि गवयांच्या घराण्यांतच राही. गुरुगृही वर्षानुवर्षे पडेल ते काम करावे, तेव्हा कुठे एखादी चीज पदरात पडे. हे दार ज्यांनी सर्वांसाठी उघडले, त्या पं. विष्णु दिगंबरांचे हे अल्प चरित्र.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार असल्याने भक्ती आणि सूर ही दोन्ही घरचीच. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका फुटून त्यांची दृष्टी अधू झाली व शाळा सुटली. पुढे मिरजेस राजाश्रयाने पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी मोठ्या कष्टाने महाराष्ट्रात आणली होती.

त्या काळी गाणे आवडे, पण गवयाला मान नसे. मिरजेतील एका समारंभास विष्णुबुवांना बोलावणे आले, परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही, असे सांगतात. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. १८९६ साली मिरज सोडून ते देशाटनास निघाले. गाणे चार भिंतींआड न ठेवता लोकांत न्यावयाचे, हा त्यांचा निश्चय झाला.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. कोणा एका राजाच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर व स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर त्यांनी ते चालविले. तेथे ठरलेला अभ्यासक्रम होता, स्वरलिपीची छापील पुस्तके होती, परीक्षा होत्या. स्त्रियांनाही शिक्षण मिळे. पण त्यांच्या कार्याचे मर्म होते ते उपदेशक वर्गात. ज्याच्याजवळ पैसा नाही, पण गळा आहे आणि कष्टांची तयारी आहे, अशा मुलास तेथे राहणे, जेवण आणि विद्या विनामूल्य मिळे. त्याने ठरलेली वर्षे शिकावे आणि पुढे दुसऱ्यांना शिकवावे, एवढीच फेड होती.

या रीतीचे फळ मोठे आले. गुजरातेतील गरीब घरचा ओंकारनाथ ठाकूर हा मुलगा लहानपणी स्वयंपाक्याचे व गिरणीत मजुरीचे काम करीत असे. एका पारशी दात्याच्या मदतीने तो बुवांच्या मुंबईच्या विद्यालयात आला, आणि पुढे काशी हिंदु विश्वविद्यालयात संगीत विभागाचा प्रमुख झाला.

मुंबईची शाखा १९०८ साली निघाली. विद्यालयासाठी कर्ज काढून मोठी इमारत बांधली. जलसे करावे, मिळेल तो पैसा विद्यालयात घालावा, असे बुवांनी वर्षानुवर्षे केले. तरी कर्ज फिटले नाही, आणि १९२४ साली इमारतीचा लिलाव झाला. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत गेली. नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात ते रामभक्तीत रमले. गांधीजींच्या प्रार्थनेतील रामधुनीची चाल त्यांचीच मानली जाते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचा देह ठेवला गेला.

त्यांची बहुतेक अपत्ये लहानपणीच गेली होती. मागे राहिलेला मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. बुवांचे शिष्य पं. विनायकराव पटवर्धन व पं. नारायणराव व्यास यांनी गुरुपुत्रास विद्या दिली. तेच पं. द. वि. पलुस्कर. १९५२ सालच्या 'बैजू बावरा' चित्रपटातील त्यांचे गाणे आजही लोकांच्या कानांत आहे. १९३१ सालीच शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात.

दगड-विटांची वास्तू कर्जापायी गेली. परंतु बुवांनी मुलांच्या कंठात जे ठेवले, त्याचा लिलाव कोणाला करता आला नाही. दात्याने दिलेली वर्गणी इमारतीत लागते, तशीच ती एखाद्या गरीब मुलाच्या शिक्षणातही लागते, आणि तेथे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. या थोर नादोपासकास आमचे विनम्र अभिवादन.