शेवटची हाक

मुलांनो, टायटॅनिक जहाजाचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यावर जॅक फिलिप्स बिनतारी संदेश पाठवण्याचे काम करी. त्याचा जन्म १८८७ साली इंग्लंडमध्ये झाला. टपाल कचेरीत तो तारेचे काम शिकला.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री जहाज हिमनगावर आदळले. कप्तानाने सांगताच जॅकने मदतीची हाक दिली. आधी 'सीक्यूडी', मग 'एसओएस'. सोबत जहाजाचे सांकेतिक नाव 'एमजीवाय' आणि ठिकाण. कप्तानाने कामातून मोकळे केले, तरी तो यंत्रापाशीच बसून राहिला.

हाक ऐकून 'कार्पेथिया' जहाज धावून आले. ७०० हून अधिक माणसे वाचली. २५ वर्षांचा जॅक मात्र वाचला नाही. मुलांनो, त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?